कौशल्याचा ‘पर्यंत’

९ नोव्हेंबर

आजवर माझ्या हातानं बनवलेलं: गोबरगॅसची टाकी. दोन रेडिओ (एक अजून बोलतो). आणि संगणकाच्या दोन भाषा! एक आमच्या बोअरच्या मोटरीची, एक नागनाथ डेकोरेशनवाल्याच्या दिव्यांची. माणसानं आपल्या शब्दांत लिहायचं, यंत्रानं ऐकायचं. कॉलेजची पायरी न चढता केलं हे!

भाषा अख्खी घडवायची नाही. तुकडे करायचे — ‘जर’, ‘पुन्हा’, ‘थांब’. नीट घासून ठेवले की दोन्हीकडे तेच बसतात.

१४ नोव्हेंबर

फजिती! बायकोनं, कौशल्यानं, मोटरीला लिहिलं होतं, दोन तास चाल, मग थांब. मधे करंट गेला. परत आला तेव्हा माझ्या ‘थांब’नं मोजणी पहिल्यापासून धरली. हरभऱ्यात तळं!

बायको कमरेवर हात ठेवून — “घड्याळाले का समजते जी? तुमची भाषा तासच काऊन मोजून राह्यली? पानी शेवटच्या सरीत पोचलं का बंद, बस!”

खरं आहे.

१७ नोव्हेंबर

नवा तुकडा — ‘पर्यंत’. हा घड्याळ बघत नाही, खूण बघतो. शेवटच्या सरीत दोन तारा रोवल्या, मधे बरोबर दोन बोटं अंतर. पाणी दोन्हींना लागलं की मोटर बंद. कौशल्या घरी चहा पीत बसली होती! बांधावर उभं राहून राहून तिचे गुडघे गेलेत.

४ डिसेंबर

दत्तजयंती, तामसी गावचं देऊळ. तोच तुकडा दिव्यांच्या भाषेत बसवला, अक्षरही न बदलता. घंटेजवळ माइक. आरतीची घंटा होईपर्यंत दिवे मंद, घंटा झाली की माळा धावल्या!

नागनाथ म्हणे, “कोनापाशी शिकले, भाऊ?”

म्हटलं, घरीच असते ती.

८ डिसेंबर

हैदराबादच्या एका कंपनीचा भार्गव आला होता. सगळे तुकडे विकत हवेत. अट — मग इतर कुठेही वापरायचे नाहीत. म्हणजे आमच्या मोटरीतूनही काढायचे. आकडा फोनवर कळवतो म्हणाला.

तो गेल्यावर कौशल्या — “देऊन टाका. मी राह्यतो उभी बांधावर, पयल्यासारखी.”

माझ्याकडे न बघता म्हणाली. भाकरी थापत होती.

१२ डिसेंबर

भार्गवचा फोन आला. नाही म्हणालो.

“कितीत मांगत होता जी?”

अठरा हजार, म्हटलं.

“एवढ्यासाठी? बरं केलं!”

अठरा लाख होते.