येण्याचा नियम

सोमवार, ४ तारीख
नोकरीचा पहिला दिवस! तळघरातली सर्व्हरची खोली माझी एकट्याची. लोखंडी दार, आतून-बाहेरून कार्ड दाखवलं की उघडतं. थंडी एवढी, की बायको म्हणाली, तुला फ्रीजमध्येच नोकरी लागली. माझ्या आधी इथे असलेल्या, निवृत्त होणाऱ्या मास्तरांनी कार्ड दिलं आणि बजावलं, फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवर कोणाला येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या यादीत एक पत्ता आहे, त्याला येऊ-जाऊ द्यायचं. अडवलंस तर ते अडून बसतं. शोधून पाहिलं, त्या पत्त्यावर मशीनच नाही. साठी बुद्धी नाठी!

गुरुवार, ७
फायरवॉलच्या नव्या सोयी लिनक्सच्या जुन्या कर्नलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या गाभ्याला, कळत नाहीत, म्हणून नवा कंपाइल करायला, म्हणजे बांधायला घेतला. सकाळभर पर्यायांवर खुणा करत बसलो. डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा जुना कर्नल पुसून टाकला. मास्तर असते तर कान उपटले असते. शनिवारी लेकीला बागेत न्यायचं कबूल केलंय.

शुक्रवार, ८, दुपार
नवा कर्नल सुरू! नियम कडक: यादीत नाव नाही, त्याला प्रवेश नाही. मास्तरांचा पत्ता वगळला. जेवायला निघालो, तर दार उघडेना. कुलूपही याच मशीनला विचारतं आणि दाराचंच नाव मी यादीत घातलं नव्हतं! आपल्याच हाताने स्वतःला कोंडलं. हसू आलं. दाराचं नाव घातलं, माझंही घातलं. तरी उघडेना. टेबलावरचा फोनही याच मशीनवरून चालतो, तोही बंद; मोबाइलला रेंज नाही.

शनिवार, ९
ऑफिसला सुट्टी. दार बडवून हात सुजले; तळघरातला आवाज वर जात नाही. मशीनच्या नोंदींत दर सेकंदाला एकच ओळ: मास्तरांचा पत्ता, दारापाशी, अडवला. तो रांगेत अडून बसलाय, त्याच्यामागे दाराची विनंती पुढे सरकत नाही. जुन्या कर्नलवर परत गेलो असतो, पण तो मीच पुसला. लेक चप्पल घालून बसली असेल. मला घरी जायचंय.

रविवार, सकाळ
पाणी संपलं. नोंदी थांबत नाहीत. मास्तरांचं ऐकतो — पत्ता यादीत घालतो.
घातला. दार उघडलं! बाहेर कोणीच नाही. धावलो — दार माझ्या तोंडावर बंद झालं.

नंतर
नोंद बदलली. आले: एक. गेले: शून्य.
घाईत येण्याचाच नियम लिहिला. जाण्याचा राहिला.
लिहायला हवा — आत्ता— पण कीबोर्ड चार पावलांवर आहे आणि त्याच्या कळा—
मी इथे दारापाशी. कळा तिकडे दाबल्या जातायत. पडद्यावर यादी. दाराचं नाव गेलं. आता माझं—