बंगल्याच्या पुस्तकातली मेरी

माझ्या देखण्या बहिणीला, डिम्प्नाला,

मी सांगतेय आणि नात लिहितेय, तेव्हा अक्षराचं कौतुक तिचं. आपण दोघी जिथे राबलो, त्या बॅलिनकरच्या बंगल्याचा इतिहास लिहिणारे गृहस्थ काल आले होते. मालकांच्या तीन घराण्यांना तीनशे पानं आणि आपल्या नोकरमंडळींना मिळून एक फोटो! एकेकाचं नाव विचारत त्यांनी तुझ्यावर बोट ठेवलं.

"आजीबाई, ही कोण?"

"मेरी," मी म्हटलं. "बाईसाहेब जेवण वाढणाऱ्या सगळ्याच पोरींना मेरी म्हणायच्या. खरं नाव कोण लक्षात ठेवतंय!"

"अगं आजी, ही तर डिम्प्नाआजी!" नात कुजबुजली.

"तू चहाचं बघ," मी म्हटलं.

त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. एकटा माझा नवरा मलाकी तुझ्याकडे बघतोय. फोटो लग्नाआधीचा, कबूल. पण चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे तसं बघताना तो एकदाही सापडला नाही. बरं, आता भांडायला तो जिवंतही नाही.

शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय. आईने ठेवलेलं तुझं नाव बाईसाहेबांनी पुसलं ते पुसलं, मीही पुसायला निघाले, याची लाज वाटते. उद्या त्यांना खरं नाव सांगते आणि तुला बॉस्टनला पुस्तकही पाठवते.

हे पत्र मात्र चुलीत जाईल. तुझी नजर अधू झालीय म्हणे. मलाकी कुणाकडे बघतोय ते तुला दिसलं नाही, तर मी मुळीच सांगणार नाही.

तुझी थोरली,
हॅना