पापनाशमची ती

अप्पा, गेल्या रविवारी मी पापनाशमला जाऊन आले. कुणाच्या घरी ते तुम्हांला सांगायला नकोच. रेल्वेचं गेट ओलांडलं की कालव्याच्या कडेला नारळाची बाग, बागेच्या तोंडाशी घर, घरापुढे लांब तिण्णै, बसायचा ओटा. तुमची मोपेड डोळे मिटून गेली असती तिथे. मला मात्र दोघातिघांना विचारावं लागलं, आणि विचारताना मी खोटं बोलले. कुत्र्याचं पिल्लू बघायला आलेय, म्हणाले. रविवारी खोटं सांगून बाहेर पडायची रीत आपल्या घरात जुनीच आहे.

पाठवलं अम्मानं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याहून तंजावरला परत आले ती तिच्यासाठीच. ऐंशी ओलांडलीय तिनं. नजर गेल्यात जमा आहे, दुपारी जेवली की नाही ते संध्याकाळी आठवत नाही, पण पापनाशम मात्र काल घडल्यासारखं ध्यानात आहे. "ती अजून आहे काय, पाहून ये कीं," असं आधी ती कधीमधी म्हणायची, अलीकडे रोज म्हणायला लागली. एवढ्या वर्षांनी काय पाहायचं, असं मी म्हणत राहिले. पण खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतंच. पिल्लू बघायला जायचं हे निमित्त आम्ही दोघींनीच ठरवलं. गडद निळी साडी इस्त्री करून नेसले आणि निघाले, तर अम्माच्या कानांनी कडक साडीची सळसळ टिपली. "पिल्लूं पाहायला इस्त्रीचें लुगडें नेसून कोण जातें गे?" म्हणाली. मी लहान असताना तुमच्याबद्दल ती अशीच मला विचारायची. कालव्याच्या चिखलात जायला इस्त्रीचं धोतर, ती पांढरी वेष्टी, कोण नेसतं? तुम्हांला मात्र तिनं कधी विचारलं नाही.

ती कुत्री तुम्ही घरी आणलीत तो दिवस मला आठवतो. कालवे बघायची तुमची नोकरी, आणि कुठल्याशा बांधावरून तुम्ही ती उचलून आणलेली, शर्टाच्या आत घालून. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची. अम्मा स्वयंपाकघरात डोसे घालत होती. हातात उलथणं घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, इथून आत नाही, आणि नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की जीव जडतो, मग घालवता येत नाही. म्हणून ती बिननावाचीच राहिली. मी तिला 'ए' म्हणायची, अम्मा 'तें' म्हणायची. तुम्ही काहीच म्हणायचा नाहीत. तुमच्या तोंडी एकच शब्द होता, 'उगें'. गप्प. ती भुंकली की उगें, मी रडायला लागले की उगें, अम्मा तावातावाने काही सांगायला लागली की तिलाही उगें. पुढे पुण्यात बँकेत मी हा शब्द एकदा वापरला तर सगळी मंडळी माझ्याकडे बघत राहिली. तिकडे तान्ह्या बाळाला 'उगी उगी' करतात, तेवढाच काय तो त्याचा नातेवाईक उरलाय. आपल्या तंजावरच्या मराठी घरांबाहेर तो कुणाला ठाऊक नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं आहे.

मग ती मला चावली. तुमचं म्हणणं, खेळताना दात लागला. अम्माचं म्हणणं, चावली. मनगटावर खूण अजून आहे, आणि ती पाहून मला काही ठरवता येत नाही. अम्मानं त्या संध्याकाळी तुमचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. घालवतो, पुन्हा तिचं तोंड बघणार नाही, असं तुम्ही म्हणालात. तुमचा हात जड होता आणि घामानं ओला होता. दुसऱ्या दिवशी तिला मोपेडवर पुढ्यात घेऊन गेलात आणि एकटेच परत आलात. ओरत्तनाडूला ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे सोडली, एवढं सांगून आंघोळीला गेलात. विषय संपला.

आणि थोड्याच दिवसांनी रविवार सुरू झाले. जेवण झालं की तुम्ही कडक वेष्टी नेसायचात, कचेरीचं काम आहे म्हणायचात, ओरत्तनाडूच्या कालव्याची पाहणी. रविवारी कसली पाहणी? अम्माच्या मनात पाल चुकचुकलीच. तिनं मामाला सांगितलं, आणि मामाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्याच्या घरात कुठे पाणी मुरतंय ते शोधण्यात त्याचा जन्म गेला. मोपेड कुठल्या रस्त्याला लागते ते हेरून तो सायकल आगगाडीत घालून गेला आणि बातमी घेऊन आला. ओरत्तनाडू नव्हे, पापनाशम. नारळाची बाग, तरुण विधवा, एक लहान मुलगी, आणि तिण्णैवर आमचे भावोजी, हातात कॉफीचा टम्लर. "गोड हसत होते," असंही त्यानं वर घातलं. अम्मा त्या वेळी तांदूळ निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं नाही. पण त्या रात्रीपासून ती तुम्हांला 'वाढलंय' याशिवाय दुसरा शब्द बोलली नाही, आणि वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसं तिचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं.

मी मामावर विश्वास ठेवला नसता. पण एका रविवारी तुमच्या मोपेडचं चाक बसलं होतं, तुम्ही अंगणात उकिडवे बसून पंप मारत होता आणि मी दाराआड उभी होते. तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "ती वाट पाहात बसली असेल." मी ते ऐकलं, अप्पा. त्या 'ती'ला मी किती चेहरे दिले असतील! बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांचे, बाजारातल्या, देवळातल्या. त्यानंतर तुम्ही मला काही आणून दिलंत की मला वाटायचं, माझ्यासाठी एक आणि तिकडच्या मुलीसाठी एक असणार. तो हिरवा कंपासचा डबा आठवतो? मी तो कधी शाळेत नेला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका रविवारी तुम्ही लवकरच परत आलात, पाय न धुता आत आलात आणि जेवायला नको म्हणालात. त्यानंतर तुमचे रविवार बंद झाले. खुर्ची ओढून दारात बसायचात, रस्त्याकडे बघत. "संपलें वाटतें," अम्मा मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला आवडला नव्हता. ती तरीही तुमच्याशी बोलली नाही. मी पुण्याला नोकरीला गेले, आणि पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. सुतकात दाराशी येणाऱ्या प्रत्येक अनोळखी बाईकडे अम्मा मान वर करून बघायची. मीही बघायची. आम्ही रडत कमी होतो आणि पहारा जास्त करत होतो.

तर गेला रविवार. मी फाटकाशी उभी राहिले, तोच एक पांढरी कुत्री भुंकत धावून आली. घरातून माझ्याहून थोडी लहान बाई बाहेर आली, ओले हात पदराला पुसत, आणि तिनं जोरात हाक मारली, "उगें! उगें!"

तो शब्द तमिळ नाही. तो फक्त आपल्या घरांत मिळतो, आणि आईबापांकडूनच मिळतो. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. तुमचं नाक, तुमचे कान, भुवया, काय काय शोधलं. रंग तुमच्यासारखा वाटला. हनुवटी तर तुमचीच, असं मी ठरवूनही टाकलं. मामा खरा, अम्मा खरी, आणि ही माझी बहीण. कुत्री मात्र 'उगें' ऐकून गप्प व्हायच्या ऐवजी दुप्पट भुंकत होती, आणि शेपूट हलवत होती. ते मला जरा विचित्र वाटलं.

तिण्णैवर बसल्यावर मी तमिळमध्ये विचारलं, "तुम्ही हिला आता काय म्हणालात?"

"नाव आहे तिचं, अक्का," ती म्हणाली. "हिच्या आईचं तेच, तिच्या आईचंही तेच, मागे थेट पहिलीपर्यंत. पहिल्या उगेंला तंजावरचे एक सार, कालव्याचे साहेब, घेऊन आले होते. माझे वडील नुकतेच गेले होते, नारळ चोरीला जायचे, आम्हांला राखणीला कुत्रं हवंच होतं. तिनं बाग राखली हो! रात्री कुणाची हिंमत नव्हती आत यायची."

"आणि ते सार?"

"दर रविवारी यायचे. त्यांची गाडी वळणावर ऐकली की ही वेडी व्हायची, चिखलाच्या पायांनी अंगावर उड्या, आणि ते आपले 'उगें, उगें' म्हणत तिला थोपटायचे. म्हणून आम्हांला कळलं, तिचं नाव उगें."

मी विचारलं, ते तुमच्या आईशी काय बोलायचे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काही नाही. आई कॉफी आणून इथे ठेवायची आणि आत जायची. सार कॉफी प्यायचे आणि उगेंला घेऊन कालव्याच्या काठी बसायचे, ऊन उतरेपर्यंत. तिच्याशी बोलायचे. कुठल्या भाषेत ते देव जाणे, पण खूप बोलायचे, मधूनच हसायचे. मी आणि शेजारची पोरं लपून ऐकायचो. आई म्हणायची, हसू नका, बिचाऱ्याच्या घरात बोलायला कुणी नसेल." मग तिनं एका माडाकडे बोट केलं. पहिली उगें तिथे पुरलीय. ती गेली त्या रविवारी तुम्ही खड्डा खणायला मदत केलीत, कॉफी घेतली नाहीत, आणि परत आला नाहीत.

मी सांगितलं नाही मी कोण ते. कुत्री तोवर माझ्या पायाशी अंग घासत होती आणि माझ्या निळ्या साडीवर पांढरे केस चिकटले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पांढरी कुत्री, पांढरी वेष्टी. अम्मा इतकी वर्षं तुमचे कपडे उलटेपालटे करून बघायची, तिला दिसणार काय? आणि ज्या घरात तुम्ही खरोखर नांदला असता, त्या घरातल्या पोरीला 'उगें' हे कुत्र्याचं नाव वाटलं असतं का? तिला तो शब्द आधी स्वतःसाठी ऐकावा लागला असता.

घरी आल्यावर अम्माला सगळं सांगितलं. तिनं आधी माझा पदर ओढून घेतला, बोटांनी चाचपत एक केस काढला आणि डोळ्याजवळ धरला. "नाक कसें आहे तिचें?" एवढंच विचारलं. चपटं आहे, मी म्हटलं, आपल्यासारखं नाही. (हनुवटीचं मी बोलले नाही, ती माझ्या डोळ्यांची करामत होती.) मग मी तिला तो शब्द समजावून सांगितला, की त्यांनी नाव समजून पिढ्यानपिढ्या कुत्र्यांना ठेवला, त्यांना अर्थच ठाऊक नाही, म्हणजे तिथे काही नव्हतं. मला वाटलं ती रडेल, किंवा तुमची माफी मागेल, किंवा निदान मामाला शिव्या देईल. तिनं तो केस चिमटीतून सोडला नाही.

"मला हो तेंच म्हणट्ले ते," ती म्हणाली. "लग्न होऊन आलें त्या दिवसापासून. उगें. त्या कुत्रीनें ऐकट्लें नाहीं. मीच ऐकट्लें."

मग तिनं माझं डोकं चाचपलं, जिथे तुमचा हात ठेवला होता तिथे. शपथ दर रविवारी मोडली, तरी तुला काही झालं नाही, असं म्हणाली आणि झोपायला गेली. पापनाशमचं नाव त्यानंतर काढलेलं नाही. पिल्लू आण म्हणते, पण त्याचं नाव ती ठेवणार.

अप्पा, हे मी देवनागरीत लिहितेय. ही अक्षरं मी पुण्यात दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. तुम्ही आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहायचात, तुम्हांला ही येत नव्हती, आणि अम्मालाही येत नाहीत. कुणी वाचणार नाही याची खात्री करून घेतली आणि मगच बसले. तर आता सांगते. त्या तिण्णैवर बसून मी तुमचं नाक शोधत होते ना, ते सापडावं असं मला वाटत होतं. एखादी बाई असती तर मी चार दिवस रागावले असते आणि समजून घेतलं असतं; जगात होतंच तसं. पण माझ्या डोक्यावर हात ठेवून जिला सोडलंत, तिच्यापाशी दर रविवारी जाऊन तुम्ही ऊन उतरेपर्यंत बोलत बसलात, हसलात, आणि घरी माझ्यासाठी तुमच्याजवळ एकच शब्द होता. मला तिचा हेवा वाटतो, अप्पा. या वयात, एका मेलेल्या कुत्रीचा.