कमरेची कुऱ्हाड, तिची

टायगार्ट खोरे, वेस्ट व्हर्जिनिया
८ सप्टेंबर २०१९

प्रिय कोरिन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं. आत सगळ्या मिळून चार ओळी. जुना काळ जगून दाखवणाऱ्या ओहायोतल्या एका हौशी तुकडीत नाव घातलं आहे, १७७८ सालचा सरहद्दीवरचा पेहराव आहे, तर कमरेची कुऱ्हाड आणि सुरी कोणती घ्यावी, तपासणीत टिकेल अशी? खाली नुसतं नाव. तीस वर्षांनी आत्याला लिहिलेलं पत्र कोरडं आहे असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्याला काही विचारावंसं वाटतं, त्याने दार पुरतं लावलेलं नसतं.

आम्ही सगळे बरे आहोत. शनिवारी अंगणात तांब्याची कढई चढवून सफरचंदं आटवली. खांदा कुरकुरला, एकाहत्तरीत कुरकुरणारच. तुझ्या बाबांनी गुडघा बदलून घेतला आणि तो विषय कोणाला काढू देत नाहीत. शाळा सोडून मला अकरा वर्षं झाली, तरी बाजारात अजून 'बाई' म्हणून हाक येते आणि हाक मारणाऱ्याला टक्कल पडलेलं असतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे. दुकानात गेलीस की पहिल्यांदा तुला चिलमीची कुऱ्हाड दाखवतील, मागच्या बाजूला तंबाखूची वाटी असलेली. हात लावू नकोस. ती नजराण्याची वस्तू. रानात राबणाऱ्या माणसाच्या कमरेला साधी कुऱ्हाड असे. डोकं पाऊण-एक पौंडाचं, धार जेमतेम चार बोटं रुंद, मागे चपटा चौकोनी माथा, म्हणजे तंबूच्या खुंट्या ठोकता येतात. साच्यात ओतलेली घेऊ नकोस. लोखंडाची पट्टी दुमडून भोक केलेलं आणि धारेला पोलादाची जीभ जोडलेली हवी. तो जोड उजेडात धरला की दिसतो. दांडा हिकरीच्या चिवट लाकडाचा, सरळ, तुझ्या कोपरापासून मुठीपर्यंत. विकत घेण्याआधी कमरेला खोचून दुकानदाराच्या जिन्यावरून दहा वेळा चढ-उतर. तो हसेल. हसू दे. पाठीला जी टोचते ती कुऱ्हाड दुसऱ्या कोणाची तरी आहे. आणि ती मागे, उजव्या अंगाला, धारेवर चामडं चढवून; पुढे खोचलीस तर पहिल्याच ओंडक्यावर वाकताना कळेल का ते.

सुरी त्याहून सोपी. सिनेमातली ती पितळी मुठीची थोरली सुरी आमच्या सालानंतर पन्नास वर्षांनी जन्मली, पण दरवर्षी एक तरी हौशी तीच घेऊन येतो आणि रडवेला होऊन परत जातो. तुला हवी ती कसायाच्या हातातल्यासारखी: सहा-सात इंच पातळ पातं, सरळ पाठ, दोन लाकडी फळ्यांची मूठ, तीन खिळे. गंज चढणारी. जी गंजत नाही, ती आमच्या छावणीत चालत नाही.

तू म्हणशील, म्हातारीला एवढा उत्साह कसला? कारण कुऱ्हाड मीही घेतली आहे. वेंडल टीटरकडून घडवून. तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा, आता खोऱ्यातला सर्वांत चांगला लोहार आहे.

"बाई, दांडा जरा बारीक करू का? बायकांच्या मुठीला बरा."

"वेंडल, तुकडीतल्या गड्यासाठी करतोस तसा कर. मूठ माझी आहे, ती मी सांभाळीन."

"मग ती मिरवायला नाहीये?"

"मिरवायला मला जीभ आहे. ही चालायला."

ऑक्टोबरच्या पायपिटीसाठी मी अर्ज केला आहे. तीच, किल्ल्याच्या फाटकातून निघून तीन दिवस, त्या काळी अंगावर असे तेवढंच घेऊन. फाटकावर सगळ्यांचा पेहराव पारखणाऱ्या तपासणी समितीचा राजीनामाही त्याच पाकिटात घातला. समितीवर आता तुझे बाबा आहेत, आमचा डेन्झिल. गेल्या रविवारी तो घरी आला. मी कुट्टूच्या पिठाचे घावन करत होते.

"ताई, अर्ज मागे घे."

"का?"

"नियम आहे. बायका किल्ल्यात राहतात. चूल, कढई, सूत. कमरेला कुऱ्हाड लावून बाई पायपिटीला जात नाही."

"नियम कोणी लिहिला?"

त्याने घावनावर पाक ओतायला घेतला आणि थांबायचं विसरला. "ते तुला माहीत आहे," म्हणाला.

हो, माहीत आहे. नोंदवहीत अक्षर माझं आहे. शिक्षकांच्या संपाच्या वेळी ट्रकवर उभं राहून बायकांच्या हक्कावर बोलणाऱ्या बाईचं. ज्या सकाळी तू एकोणीस वर्षांची, कुऱ्हाड लावून फाटकाशी उभी होतीस, त्या सकाळी तपासणीला मी होते आणि शेजारी तुझे बाबा गप्प उभे होते. मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण नियम खोटा आहे, आणि मला एक कागद सापडला आहे. न्यायालयाच्या तळघरातला. हेस्टर प्लमर नावाची विधवा १७८१ मध्ये वारली, तिच्या चीजवस्तूंची यादी. दोन गाई, एक लोखंडी कढई, एक पिसांची गादी, आणि मग कारकुनाने लिहिलं आहे: 'कमरेची कुऱ्हाड, तिची.' नवऱ्याची नाही. तिची. हा कागद घेऊन मी फाटकावर उभी राहणार आहे. बघू कोण मला कढईकडे पाठवतो.

तुझी,
आत्या आर्डिथ


२१ ऑक्टोबर २०१९

प्रिय कोरिन,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते आहे. जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

शुक्रवारी सकाळी फाटकावर चाळीसेक माणसं रांगेत होती. चुलींपाशी बायका होत्या, त्याही कढया सोडून बघायला आल्या. डेन्झिलने माझे बूट पाहिले, पाण्याचा भोपळा पाहिला, शिवण उलटी करून पाहिली. मग कुऱ्हाड काढून उजेडात धरली.

"कुऱ्हाड अस्सल आहे," तो म्हणाला.

त्याच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, कोरिन. मला दिसलं. ते वाक्य माझंच आहे. आमच्याकडे नकली वस्तूला 'फार्ब' म्हणतात. त्याहून घाण शिवी छावणीत नाही, आणि ती वस्तूला देतात, माणसाला देत नाहीत. मी दिली होती. तुझी कुऱ्हाड अशीच उजेडात धरून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले होते, "कुऱ्हाड अस्सल आहे. बाई फार्ब आहे." लोक हसले होते. मला हशा वसूल करता येतो, तो माझा धंदाच होता.

डेन्झिलने ते वाक्य म्हटलं नाही. "ताई, ही काढून ठेव आणि आत ये," एवढंच म्हणाला.

मी कागद काढून वाचला. मागून रॉस्को बेनेट बोलला. समितीत माझ्या आधीपासून आहे तो, आता काठी घेऊन चालतो.

"कागद चांगला आहे, बाई. कधी सापडला?"

साधा प्रश्न. पण त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. 'यंदा' म्हटलं असतं तर तोही काही बोलला नसता. त्यात त्याचाही हात आहे.

"एप्रिल एकोणीसशे एकोणनव्वद," मी म्हणाले.

तुला तारखा कळतात. तुला मी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं. तुला बाई म्हणून नकली ठरवलं तेव्हा हा कागद सहा महिने माझ्या खणात होता.

मागच्या पत्रात मी लिहिलं, 'कागद सापडला आहे.' ते खोटं नव्हतं, पण खरं लपवायला ते पुरेसं होतं. भाषणं करणाऱ्यांना ही कला येते. खरी गोष्ट अशी, की तपासणी समितीत तोवर एकही बाई नव्हती. मी नऊ वर्षं भांडत होते. रॉस्को आणि मंडळी म्हणाली, घेतो तुला, पण पायपिटीत बायकांचा विषय निघायचा नाही, हा कागदही नाही, आणि नियम तूच लिहायचा. तू लिहिलास म्हणजे कोणी तोंड उघडणार नाही. मी स्वतःला समजावलं, आधी एकीने आत शिरावं, मग बाकीच्यांसाठी दार उघडता येतं. शिरले. दार मागे लावून घेतलं आणि तीस वर्षं त्याची राखण केली.

हे सगळं मी रांगेसमोर बोलले. हशा नाही, टाळ्या नाहीत. रॉस्को म्हणाला, "बाई, आता हे कशाला उकरता?" मी म्हटलं, "तुम्ही पुरलं, मी पुरलं. उकरायला एकटी पुरे आहे."

डेन्झिलचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही कागदाचं आजच कळलं. त्याने नियम सांगितला: नोव्हेंबरच्या सभेपर्यंत तोच लागू. कुऱ्हाड काढ, नाहीतर रांगेबाहेर हो.

मी रांगेबाहेर झाले. कुऱ्हाड काढली नाही.

तुकडी निघाली, तशी मीही निघाले, शंभर पावलं मागून. फाटक समितीचं आहे, पण पुढचं रान सगळ्यांचं आहे. तीन दिवस तशीच चालले. माझं सरपण मी तोडलं, माझ्या जेवणाचं मांस मी कापलं. दुसऱ्या दिवशी नदीच्या उताराशी डेन्झिल मागे थांबला होता. पाणी मांडीपर्यंत, गार. त्याने हात पुढे केला.

"मला तुकडीतला गडी समजून देतोस की बहीण समजून?"

"ताई, वाहून जाशील."

"ते विचारलं नाही मी."

तो उत्तर देईना, म्हणून मी हात घेतला नाही. पडले एकदा, उठले. पलीकडे गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती लिहिते का तुला?" मी म्हटलं, "तुला पत्ता देईन. विचारायचं ते तिलाच विचार." पत्ता त्याने घेतला आहे. मी तुझी परवानगी मागितली नाही; रागाव हवं तर.

सभा सोळा नोव्हेंबरला आहे. नियम खोडायचा ठराव मी मांडला आहे. तो पडेल असं वेंडल म्हणतो, आणि मोजणी त्याचीच बरोबर दिसते. पडला तर पुढच्या ऑक्टोबरला मी पुन्हा फाटकावर उभी राहीन, पुन्हा शंभर पावलं मागून चालेन. माझे पाय टिकतील तोवर त्यांना दरवर्षी मला तोंडावर नाही म्हणावं लागेल.

सभेत मला वीस मिनिटं मिळाली आहेत. ती मी तुझ्या नावे लिहून दिली आहेत. खोऱ्याने माझं चाळीस वर्षं ऐकलं आणि तुझं एक वाक्यही ऐकलं नाही. आलीस तर माझ्याविरुद्ध बोललीस तरी चालेल, खरं तर त्यातच तुझी वीस मिनिटं जातील. आली नाहीस तर तुझ्या जागी कोणी उभं राहणार नाही आणि वीस मिनिटं सभा गप्प बसेल. अध्यक्षांना तसं लेखी कळवलं आहे.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागतं, आणि माझ्यासाठी तुला आधीच फार द्यावं लागलं आहे.

सगळं माहीत असून तुला फाटकातून परत पाठवणारी,
आर्डिथ