अण्णांना आलेला कंपनीचा फोन

४ एप्रिल
एकविसावा अर्ज. जाहिरातीत वर ‘फ्रेशर पाहिजेत’, खाली ‘एक वर्षाचा अनुभव आवश्यक’. स्वतः लिहिलेलं वाचतात तरी का हे लोक? नळाला पाणी नाही. आज सातवा दिवस.

९ एप्रिल
चिकलठाण्याच्या एका कंपनीचा मेल. सोमवारी मुलाखत. एवढ्या लवकर? नक्की काहीतरी गडबड. रूममेट सुमैया म्हणते, “जा ना गे, खाते क्या वो?” फी मागितली की उठून यायचं, ठरवलंय.

११ एप्रिल
फी मागितली नाही. नवी कोरी इमारत, खाली टँकर उभा, वर एसी. तासभर कोड लिहून घेतला. एक प्रोग्रॅम जमला नाही, तसं सांगून टाकलं. एचआर मॅडम म्हणाल्या, “खरं बोललीस, बरं वाटलं.” इतकं गोड बोलणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. फॉर्मवर वडिलांचा नंबर. कशाला? म्हणे घरची चौकशी करतो, सगळ्यांचीच. दिला. मार्कशीटच्या मात्र झेरॉक्सच दिल्या.

१५ एप्रिल
मॅडमचा फोन. आवाज कोरडा. “लग्न ठरलं की नोकरी सोडणार, मग अर्ज कशाला केलास?”
कोण म्हणालं?
“तुझे वडील.”
लगेच अण्णांना फोन. ते मेंढरं घेऊन घाटाकडं, गावी कन्नडला चाराच उरलेला नाही. तीनदा कट झाला. मग कळलं. कुणी बाई विचारत होती, मुलगी कशी, घरी कोण कोण, स्वभाव कसा. अण्णांना वाटलं, स्थळ आलं!
“म्या म्हणलं, सैपाक समदा येतो, स्वभावानं लई गरीब. नोकरीचं इचारलं तर म्हणलं, तुमी म्हणाल तवा सोडंल.”
मी आणि गरीब स्वभावाची! सुमैया हसून लोळली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ एप्रिल
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सोमवारी अकराला पुन्हा फोन करते. तुझ्या वडिलांनाच सांगू दे.”
पण अण्णा खरंच फसले? मेंढरांचा लबाड दलाल नुसत्या आवाजावरून ओळखतात ते. विचारलंच शेवटी, खरंच मुलाकडचे असते तर?
“तरी तेच सांगितलं असतं की. त्यात काय चुकलं?”
म्हणजे उत्तर आधीपासूनच तयार होतं. मला विचारायचं कुणाला सुचलंही नाही. फार लागलं हे.

१७ एप्रिल, रविवार
अण्णा म्हणाले, “बरं, सांगतो, करंल नोकरी. पण ते नक्की कंपनीवालेच हायेत ना?” आवाजावरून काही कळेना. माझ्या समाधानासाठी हो म्हणाले असतील तर?
उद्या पहिल्या एसटीनं कन्नड, पुढं जीप. अकराला त्यांच्या शेजारी बसायचंच.
सुमैया म्हणाली, “बाप पे भरोसा नै क्या?”
कंपनीवर भरोसा नव्हता तेव्हा सरळ ‘नाही’ म्हणून मोकळी झाले होते. अण्णांबद्दल तसं म्हणवेना. बॅग भरली.