सुतकातला डबा

बारामती,
ता. ९ जानेवारी, गुरुवार

चि. संजीवनीस,

ताईचा आशीर्वाद. रीत हाय म्हणून लिवला, मनात न्हाय. आमी समदी बरी हाय. सासूबाई ठणठणीत हायत. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून रिक्षावाल्या माऊलीच्या हाती ही चिठ्ठी. तो डबे पोचवून तुझ्या खोलीवरनंच जातो, आता तुला ठावं असंलच.

सासूबाईंना दम लागला, मी त्यांच्यासंगं दवाखान्यात ऱ्हायले. डब्यांचं सैपाकघर तुझ्या हवाली केलं. माझी पाठची भईण, शेळगावात मी तुला कडंवर घिऊन फिरलेली, म्हणून इस्वास टाकला.

घरी आले, सकाळी भाकऱ्या थापल्या, वांग्याचं कालवण केलं, डबे भरून रिक्षात घातले. दुपारी माऊली परत आला तो भरल्या डब्यांनिशी. खाली मान घालून म्हणतो, "काकू, एमआयडीसीत कुणी घेईना. म्हणत्यात, सुतकातल्या घरचं कसं खायचं? म्हातारी गेली नव्हं तुमची?"

म्हातारी उंबऱ्यात पावटा सोलत बसली हुती. म्हणली, "कोण गेलं गं?"

मी म्हणलं, "तुमी."

"आन मला सांगितलं बी न्हाय कुणी," म्हणून पुन्यांदा सोलाय लागली.

संजे, अगं जित्या माणसाला मारलंस तू? गेटागेटावर जाऊन सांगितलंस, ताईच्या घरात सुतक पडलंय, तिची चूल बंद हाय, मी सासरची येगळी, मला सुतक न्हाय, माझा डबा घ्या. लोकं बिचारी भली. रामहरी सुपरवायजर तर मला रस्त्यात हात जोडून म्हणला, "वाईट झालं." तुला सोताचं काढायचं हुतं तर तोंड न्हवतं का मागाय? निम्मी गिऱ्हाइकं मी हातानं दिली असती. आता एक देणार न्हाय.

मग मी काय केलं ते तुला लोकांनी सांगितलंच असंल, पर माझ्या तोंडनं ऐक. दुसऱ्या दिशी सासूबाईंना नवं लुगडं नेसवलं, माऊलीच्या शेजारी रिक्षात बसवलं आन पयल्या गेटापासनं हिंडवलं. एकेक डबा त्यांनी आपल्या हातानं दिला. "घे बाबा, मेलेलीच्या हातचा हाय, गरम हाय तवर खा." वाचमन भूत दिसल्यावाणी बघाय लागला. पोरं पोट धरून हसली. तुझं नाव निघालं तशी हसायची थांबली.

तुझे डबे तितंच बाकावर उन्हात पडून ऱ्हायले. कुणी हात लावंना. मी रिक्षा थांबवायला लावून बघत बसले. लय बरं वाटलं. अजून आठवलं की बरं वाटतं.

वर सासूबाई ठणठणीत लिवलं, ते खोटं हाय. तू खोटं बोलतीस, मग मी का नगं? रिक्षातनं फिरल्या त्या दिसापासनं त्यांनी हातरूण धरलंय. डाक्टर म्हणले, घरीच ठेवा. दुधात कुस्करलेली भाकरी बी आता गिळंना. तुझा शब्द खरा व्हाया लागलाय, खूश हो.

मी ठरवलं हुतं, तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळं व्हायचं. पर आज सकाळी सासूबाईंनी हात धरला. म्हणल्या, "मी गेल्यावर कडू घास संजीनंच आणायचा."

मी म्हणलं, तिची सावली बी पडू देणार न्हाय.

"अगं, येऊ दे. सुतकात तुझी चूल बंद, म्हंजी पिठलं-भाकरी भायेरनंच यायची. तिची चूल तर पेटलेली हाय. पर रिक्षातनं न्हाय. पाटी डोक्यावर घिऊन, समद्या गेटांवरनं, चालत."

म्हातारी हसली, संजे. दात न्हाईत, तरी हसली.

तर तयारीत ऱ्हा. माऊली सांगाय येईल. गेटागेटावर लोकं इचारतील, "कोण गेलं?" तवा तुझ्या तोंडनं सांग. आन ते खरं हाय म्हणून शपथा घे, कारण कुणी इस्वास ठेवणार न्हाय.

घास मी खाईन. रीत हाय. पर तुझ्या तोंडाकडं बघत खाईन, आन तू मान खाली घालायची न्हाय.

पीठ चाळून ठेव.

तवर तरी तुझी ताई,
जयवंता