दोन्हीकडं उशी

अर्धापूर, मंगळवार

तीर्थरूप माय,
वैजनाथचा तुझ्या पायावर माथा.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. शेजारच्या पारूकाकूकडून वाचून घे.

जुन्या व्हॅनचं घर पुरं झालं. कुणाकडं शिकलो न्हाई, सगळं बघून बघून हातानं केलं. पत्र्याला आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड. भर दुपारीबी आत तापत न्हाई. शेगडी हाय, पाण्याची टाकी हाय. शेतात ठिबक बसवायला ज्या गावात जाईन, तिथं घर संगं.

तू म्हणाली होतीस, "फिरत्या घरात झोपताना डोकं कवा उत्तरंला येईल, नेम हाय का? उत्तरंला डोकं मेलेल्याचं." खरं होतं. मी उशाचा पंखा अन् दिवा एकाच टोकाला बसवला होता. सगळं उखडलं. आता दोन्ही टोकांना पंखा, दोन्हीकडं दिवा. गाडी कशीबी उभी राहू दे, उशी फिरवायची, बस. देव बाजूच्या भिंतीला मधोमध, कुणाचे पाय तिकडं जात न्हाईत. इथले सुतार बघायला येऊन राहिले.

जेवतीस ना वेळेवर? मोरीत पडलीस ते तू लपवलंस, काकूनं सांगितलं. तिच्यावर चिडू नको. तू तिथं एकटी, इथं माझं कामात ध्यान लागत न्हाई.

शनिवारी गाडी जळकोटला आपल्या दारात आणतो. एक रात्र आत झोपून बघ. न्हाई पटलं तर उठून घरात जा, मी काही म्हणणार न्हाई. पटलं तर झोपूनच राहा; सकाळी मी हळूच गाडी सुरू करीन.

तुझाच,
वैजनाथ